डीकेएची केस: प्रत्येक आकड्यामागचं 'का'

थिअरी वाचून झाली आहे, डीकेएचे, म्हणजे डायबेटिक कीटोॲसिडोसिसचे (इन्सुलिनअभावी कीटोन साचून रक्तात ॲसिड वाढण्याचे), निकष पाठ आहेत. तरीही व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, केस पुढ्यात आली की आकडे सुटे सुटे दिसतात आणि परीक्षकांनी एकदा 'का?' विचारलं की गाडी अडते. मग विचार करायचा कसा, असा हा प्रश्न आहे. एकच केस घेऊन ती शेवटपर्यंत नेली तर उत्तर नीट सापडेल.

२४ वर्षांची मुलगी, वजन ६० किलो, टाइप १ मधुमेह. तीन दिवस खोकला आहे, अंग मोडून आलंय, जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन घेणं बंद केलं. आता पोट दुखतंय आणि गुंगी आहे. नाडी १२८, बीपी ९६/६०, श्वास मिनिटाला ३०, तापमान ३६.६ सेल्सिअस, ऑक्सिजन सॅच्युरेशन ९०. साखर ५४०, सोडियम १३०, पोटॅशियम ५.६, क्लोराइड ९४, बायकार्बोनेट ८, पीएच ७.०८, पीसीओटू (रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब) २८, पांढऱ्या पेशी २७,०००, लघवीत कीटोन पॉझिटिव्ह.

निदान पाच सेकंदांत होतं आणि बहुतेक विद्यार्थी तिथेच थांबतात. पण या केसमधले तीन आकडे वरवर दिसतात तसे नाहीत: पीसीओटू २८, पोटॅशियम ५.६ आणि तापमान ३६.६. हे तीन जो पकडेल त्याला केस कळली असं मी म्हणेन.

त्याआधी यंत्रणा. 'इन्सुलिन नाही, म्हणून साखर वाढली, म्हणून ॲसिडोसिस झाला' ही साखळी डोक्यातून काढून टाका. साखरेतून ॲसिड होत नाही. इन्सुलिन गेल्यावर दोन स्वतंत्र प्रवाह सुरू होतात, एक साखरेचा आणि एक कीटोनचा, आणि ते एकमेकांशिवायही चालू शकतात. साखरेचा प्रवाह सगळ्यांना येतो: लिव्हर ग्लुकोज बनवत राहतं, स्नायू ते घेत नाहीत, किडनीतून ग्लुकोज पाण्याला ओढून बाहेर नेतं. कीटोनचा प्रवाह चरबीच्या पेशीत सुरू होतो. तिथल्या हॉर्मोन-सेन्सिटिव्ह लायपेजला इन्सुलिन दाबून ठेवतं. दाब गेला की ट्रायग्लिसराइड फुटतात आणि फॅटी ॲसिड लिव्हरकडे धावतात. लिव्हरच्या मायटोकाँड्रियाच्या दारावर सीपीटी-१ हे एन्झाइम असतं आणि मॅलोनिल-कोए त्याला अडवून धरतं. इन्सुलिन कमी आणि ग्लुकॅगॉन जास्त झालं की मॅलोनिल-कोए घटतं, दार सताड उघडतं, फॅटी ॲसिड आत जळतात आणि ॲसिटिल-कोएचा इतका ढीग पडतो की क्रेब्ज सायकलला तो झेपत नाही. उरलेल्यातून ॲसिटोॲसिटेट आणि बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट बनतात. दोन्ही ॲसिडं. त्यांचा हायड्रोजन आयन बायकार्बोनेट खातो आणि मागे राहिलेला कीटो-ॲनायन (ऋणभारित भाग) 'ॲनायन गॅप' वाढवतो, म्हणजे सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा केल्यावर उरणारा आकडा.

हे दोन प्रवाह वेगळे धरले की एरवी पाठ करावे लागणारे तीन मुद्दे आपोआप सुटतात. पहिला, टाइप २ च्या पेशंटला साखर ९०० झाली तरी कीटोन फारसे का नसतात? लायपेज दाबायला लागणारं इन्सुलिन स्नायूत ग्लुकोज शिरवायला लागणाऱ्या इन्सुलिनपेक्षा बरंच कमी असतं, आणि तेवढं त्याच्याकडे शिल्लक असतं. दुसरा, एसजीएलटी-२ इनहिबिटर घेणाऱ्याला साखर १८० असतानाही डीकेए कसा होतो? औषध ग्लुकोज लघवीतून काढून टाकतं, साखरेचा प्रवाह झाकला जातो, कीटोनचा चालूच राहतो. अशा पेशंटला उलट्या आणि धाप असेल तर ग्लुकोमीटर बघून निश्चिंत होऊ नका, कीटोन आणि रक्तातल्या गॅसची तपासणी पाठवा. तिसरा मुद्दा उपचारात येईल, तो लक्षात ठेवा.

आता गॅस. पायऱ्यांचा क्रम मोडू नका. पीएच ७.०८, म्हणजे ॲसिडिमिया. बायकार्बोनेट ८, म्हणजे मूळ बिघाड मेटाबॉलिक. ॲनायन गॅप १३० − (९४ + ८) = २८. इथे मोजलेलंच सोडियम घ्यायचं, साखरेसाठी सुधारलेलं नाही, कारण क्लोराइड आणि बायकार्बोनेटही त्याच पाण्याने पातळ झालेले असतात. अल्ब्युमिन कमी असेल तर ४ च्या खालच्या प्रत्येक १ ग्रॅममागे गॅपमध्ये २.५ मिळवा, नाहीतर कुपोषित पेशंटचा वाढलेला गॅप नॉर्मल वाटेल.

पुढची पायरी पीसीओटूची. नेहमीचं उत्तर असं येतं: नॉर्मल ४०, इथे २८, म्हणजे श्वसनाने भरपाई केली आहे. हे उत्तर चूक आहे आणि वॉर्डात ते धोकादायक आहे. प्रश्न 'कमी झाला का' हा नसून 'हवा तितका कमी झाला का' हा आहे. विंटर्सचं सूत्र लावा: (१.५ × ८) + ८ = २०, दोन इकडे-तिकडे. म्हणजे निरोगी फुप्फुसं आणि ताकदीचे स्नायू असते तर पीसीओटू २० च्या आसपास आला असता. तो २८ आहे. ४० पेक्षा खाली असूनही इथे रेस्पिरेटरी ॲसिडोसिस, म्हणजे श्वास कमी पडल्याने वाढलेलं ॲसिड, आहे.

फरक किती मोठा आहे ते हिशोबाने बघा. हायड्रोजन आयन (नॅनोमोलमध्ये) = २४ × पीसीओटू ÷ बायकार्बोनेट. पीसीओटू २० असता तर २४ × २० ÷ ८ = ६०, म्हणजे पीएच ७.२२. २८ असताना ८४, म्हणजे ७.०८. पीसीओटूच्या आठ मिलिमीटरने पीएच एवढा खाली आणला.

मग श्वास कमी का पडतोय? पलंगाशेजारी उभं राहून छाती बघा. डीकेएतला श्वास, आडोल्फ कुसमाउल यांनी १८७४ मध्ये वर्णन केलेला, खोल असतो: छाती पूर्ण फुगते, मानेचे स्नायू ओढले जातात, आवाज दारातून ऐकू येतो. या मुलीचा श्वास ३० आहे पण उथळ. उथळ श्वासातली बरीच हवा डेड स्पेसमध्येच, म्हणजे नुसत्या श्वासनलिकांतच, खेळते, अल्व्हिओलायपर्यंत (फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत) कमी पोहोचते. म्हणून केसमध्ये 'टॅकिप्निया' (जलद श्वास) एवढंच लिहू नका, खोल की उथळ तेही लिहा. उजव्या खालच्या भागात क्रेपिटेशन्स (स्टेथोस्कोपने ऐकू येणारे करकर आवाज) मिळाली, सॅच्युरेशन ९० आहेच, तर कारण हाती लागलं: न्यूमोनिया. डीकेए सुरू व्हायला इन्सुलिन बंद होणं कारणीभूत आहेच, आणि त्याच्या मागे न्यूमोनिया आहे.

ताप नाही, मग न्यूमोनिया कसा, असा आक्षेप येईल. डीकेएत त्वचेच्या रक्तवाहिन्या पसरलेल्या असतात आणि उष्णता निघून जाते, त्यामुळे संसर्ग असूनही तापमान नॉर्मल किंवा कमी राहू शकतं. कमी तापमान तर वाईट लक्षण धरतात. पांढऱ्या पेशी मात्र वाचता आल्या पाहिजेत. नुसत्या ताणाने, कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनॅलिनमुळे, डीकेएत १०,००० ते १५,००० होतातच. तेवढ्यावर अँटिबायोटिक सुरू करायची घाई नको. २५,००० च्या वर गेल्या की संसर्ग शोधायलाच हवा. इथे २७,००० आहेत. पोटदुखीलाही असाच न्याय: ॲसिडोसिस तीव्र असताना पोट दुखणं अपेक्षित आहे, पण बायकार्बोनेट सुधारूनही दुखत राहिलं तर पोटातच कारण आहे असं समजून शोधा. अमायलेज डीकेएत स्वादुपिंडाला सूज नसतानाही वाढतं, त्यावरून पॅन्क्रिएटायटिस जाहीर करू नका.

गुंगीचा हिशोबही लावायचा. इफेक्टिव्ह ऑस्मोलॅलिटी (रक्ताची पेशींतून पाणी ओढण्याची ताकद) = २ × १३० + ५४०/१८ = २९०. ३२० च्या खाली असताना पेशंट गुंगीत असेल तर साखरेवर खापर फोडून मोकळं होता येत नाही. मेंदूज्वर, डोक्याला मार, औषधं, ऑक्सिजन कमी पडणं, सेप्सिस ही यादी उघडावी लागते. तीव्र ॲसिडोसिसनेही गुंगी येते, पण ते कारण बाकीची वगळल्यावर धरायचं.

सोडियम १३० बघून हायपोनॅट्रिमिया (सोडियमची कमतरता) लिहिणारे बरेच असतात. जास्तीच्या ग्लुकोजने पेशीतलं पाणी बाहेर ओढलं, म्हणून सोडियम पातळ दिसतंय. १०० च्या वरच्या दर १०० साखरेमागे १.६ मिळवा: ४.४ × १.६ म्हणजे ७, सुधारित सोडियम १३७. हा आकडा उपचारात कामाला येतो. साखर उतरताना मोजलेलं सोडियम वर चढलं पाहिजे. ते चढत नसेल तर मोकळं पाणी जास्त जातंय, आणि लहान मुलांमध्ये ही सेरेब्रल इडिमाची (मेंदूला सूज येण्याची) धोक्याची घंटा मानतात.

आता पोटॅशियम. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण उपचारादरम्यान टाळता येण्याजोगे मृत्यू इथे होतात. शरीरात किलोमागे साधारण ५० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं, म्हणजे या मुलीत ३,००० च्या आसपास. त्यातलं ९८ टक्के पेशींच्या आत. बाहेरच्या १२ लिटर पाण्यात ५.६ च्या हिशोबाने ६७ आहे. आपण जो आकडा मोजतो तो या ६७ चा आहे. डीकेएत एकूण तूट किलोमागे ३ ते ५, म्हणजे हिला १८० ते ३०० मिलिइक्विव्हॅलंट. तूट एवढी आणि रक्तात ५.६, हे कसं?

'हायड्रोजन आत गेला, पोटॅशियम बाहेर आलं' हे उत्तर अर्धंमुर्धं आहे. ती अदलाबदल क्लोराइड असलेल्या खनिज ॲसिडमध्ये ठळक होते. कीटोॲसिडमध्ये ॲनायनही पेशीत शिरू शकतो, म्हणून ती फारशी होत नाही. डीकेएतली मुख्य कारणं दोन. इन्सुलिन सोडियम-पोटॅशियम पंप चालवून पोटॅशियम आत ढकलतं, ते गेलं. आणि हायपरऑस्मोलॅलिटीने पाणी पेशीबाहेर पडताना पोटॅशियमला सोबत ओढतं. बाहेर आलेलं पोटॅशियम किडनी टाकत राहते: ऑस्मोटिक डाययुरेसिस (ग्लुकोजमुळे जास्त लघवी होणं) आहे, पाणी कमी झाल्याने अल्डोस्टेरॉन वाढलंय, आणि लघवीतल्या कीटो-ॲनायनबरोबर पोटॅशियम वाहून जातं. घरातलं धान्य अंगणात आणून ठेवलंय आणि अंगणातून ते रोज चोरीला जातंय. अंगणात ढीग दिसतो, कोठार रिकामं होत चाललंय.

आता इन्सुलिन द्या, पंप सुरू होईल, ॲसिडोसिस सुधारेल, पाणी भरेल, आणि पोटॅशियम झपाट्याने आत जाईल. ५.६ चं चार तासांत ३.१ होणं अगदी शक्य आहे. त्यात हिचे श्वसनाचे स्नायू आधीच थकलेत. म्हणून नियम असा: पोटॅशियम ३.५ च्या खाली असेल तर इन्सुलिन थांबवा, आधी पोटॅशियम द्या. ३.५ ते ५.० मध्ये असेल तर इन्सुलिन सुरू करा आणि प्रत्येक लिटर सलाइनमध्ये साधारण २० मिलिइक्विव्हॅलंट घाला. ५.० च्या वर असेल तर इन्सुलिन चालू, पोटॅशियम अजून नाही, दर दोन तासांनी तपासा. हे २०२४ च्या आंतरराष्ट्रीय सहमती अहवालातले आकडे आहेत. जुन्या पुस्तकांत ३.३ आणि ५.२ सापडतील, दोन्ही माहीत असू द्या. पोटॅशियम क्लोराइडची १५ टक्क्यांची १० मिलिलिटरची ॲम्प्युल म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट. ती थेट शिरेत कधीही ढकलायची नाही. हाताच्या शिरेतून तासाला १० पर्यंत, २० द्यायचं तर ईसीजी मॉनिटरवर. आणि लघवी होत आहे याची खात्री आधी.

उपचाराचा क्रम आता वेगळा पाठ करावा लागणार नाही. आधी सलाइन: किलोमागे १५ ते २० मिलिलिटर, म्हणजे पहिल्या तासात ९०० ते १,२०० मिलिलिटर. सलाइननेच साखर उतरू लागते, कारण किडनीत रक्त पोहोचतं आणि ताणाची हॉर्मोन्स खाली येतात. मग इन्सुलिन तासाला किलोमागे ०.१ युनिट, हिला ६ युनिट. १०० मिलिलिटर नॉर्मल सलाइनमध्ये १०० युनिट रेग्युलर इन्सुलिन घातलं की १ मिलिलिटर म्हणजे १ युनिट. इन्सुलिन प्लास्टिकला चिकटतं, म्हणून नळीतून पहिले २० मिलिलिटर वाहू देऊन टाकून द्या, मग पेशंटला जोडा. हे विसरलं की पहिला तासभर पेशंटपर्यंत औषध जेमतेम पोहोचतं आणि डोस वाढवला जातो. साखर तासाला ५० ते ७५ ने उतरायला हवी. उतरत नसेल तर डोस वाढवण्याआधी शिर, नळी आणि पंप तपासा.

साखर २५० च्या खाली आली की लक्षात ठेवायला सांगितलेला तिसरा मुद्दा येतो. इथे इन्सुलिन बंद करणं ही मोठी चूक. साखरेचा प्रवाह आवरला, कीटोनचा अजून चालू आहे, आणि तो बंद करायला इन्सुलिनच लागतं. म्हणून सलाइनसोबत ५ टक्के डेक्स्ट्रोज सुरू करायचं आणि इन्सुलिन ०.०५ वर आणून चालू ठेवायचं.

बायकार्बोनेटचा मोह ७.०८ ला आवरा. पीएच ७.० च्या खाली गेल्याशिवाय त्याचा विचार करत नाहीत, जुन्या सूचनांत हा आकडा ६.९ होता. बायकार्बोनेटने पोटॅशियम आणखी आत जातं आणि त्यातून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला जो श्वास लागतो, तोच हिच्याकडे कमी आहे. शिवाय इन्सुलिन मिळालं की कीटोन जळून बायकार्बोनेट परत बनतं.

श्वास आणखी थकला आणि व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं तर एक हिशोब मनात पक्का असू द्या. नेहमीच्या सेटिंगवर पीसीओटू ४० झाला तर २४ × ४० ÷ ८ = १२०, पीएच ६.९२. भूल दिल्यावर काही मिनिटांत हृदय बंद पडू शकतं. म्हणून मिनिट व्हेंटिलेशन जास्त ठेवावं लागतं, आणि शक्यतो तिथवर जाऊच द्यायचं नाही.

देखरेखीत दोन सापळे आहेत. लघवीची कीटोन पट्टी नायट्रोप्रुसाइडवर चालते, ती ॲसिटोॲसिटेट पकडते, बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट पकडत नाही. डीकेएत दुसऱ्याचं प्रमाण पहिल्याच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त असतं. उपचाराने बीटाचं ॲसिटोॲसिटेटमध्ये रूपांतर होतं, म्हणजे पेशंट सुधारत असताना पट्टी गडद होते. रक्तातलं बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट किंवा ॲनायन गॅप बघा. दुसरा सापळा बारा-चौदा तासांनी: सोडियम १४०, क्लोराइड ११४, बायकार्बोनेट १५, पीसीओटू ३०. बायकार्बोनेट अजून कमी, म्हणून इन्सुलिन वाढवावं का? गॅप काढा: १४० − १२९ = ११. कीटोन संपलेत. उरलेला ॲसिडोसिस क्लोराइडचा आहे. सलाइनमध्ये क्लोराइड १५४ असतं, आणि ज्या कीटो-ॲनायनपासून बायकार्बोनेट बनलं असतं ते लघवीतून निघून गेलेत. किडनी हे एक-दोन दिवसांत स्वतः भरून काढते.

याच केसचा एक पाठभेद परीक्षेत हमखास येतो. गॅप २८ च, पण पेशंटला दोन दिवस सारख्या उलट्या, सोडियम १३०, क्लोराइड ८४, बायकार्बोनेट १८, पीसीओटू ३६, पीएच ७.३२. निकष मोजणारा म्हणतो पीएच ७.३ च्या वर, डीकेए नाही. नॉर्मल १२ धरला तर गॅप १६ ने वाढलाय, आणि नॉर्मल २४ धरलं तर बायकार्बोनेट फक्त ६ ने घटलंय. वाढलेले १६ परत १८ मध्ये मिळवा: ३४. म्हणजे ॲसिडोसिस सुरू होण्याआधी बायकार्बोनेट ३४ होतं, उलट्यांतून ॲसिड गेल्याने झालेली अल्कलोसिस आत दडलेली आहे. कीटोनचा भार पहिल्या केसइतकाच आहे आणि उपचारही तोच.

शेवटची पायरी, जिथे बऱ्या झालेल्या पेशंटला पुन्हा डीकेए होतो. शिरेतल्या इन्सुलिनचं हाफ-लाइफ काही मिनिटांचं असतं. ड्रिप काढून मग त्वचेखाली बेसल (दिवसभर हळूहळू काम करणारं) इन्सुलिन दिलं तर मधल्या वेळेत शरीरात इन्सुलिनच नसतं आणि लायपेज पुन्हा सुटतं. म्हणून पेशंट जेवू लागली, गॅप १२ च्या आत आला, पीएच ७.३ च्या वर गेला की आधी बेसल टोचायचं, आणि ड्रिप पुढे १ ते २ तास चालू ठेवून मग बंद करायची.